नदीची इयत्ता आणि नदीचे गुण

एखादा मुलगा सातवीच्या वर्गात बसतो, म्हणून त्याला सातवीचा अभ्यास येतोच असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. इयत्ता वेगळी आणि गुण वेगळे. इयत्तेवरून त्याने काय शिकायला हवे ते कळते. काय शिकला ते गुणांवरून कळते. नद्या आणि तलावांच्या बाबतीत मात्र आपण या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतो.

वाई, कराड, सांगली या पट्ट्यातली कृष्णा सरकारी कागदपत्रांत ‘अ-२’ वर्गाची नदी आहे. हे ऐकल्यावर कोणी म्हणतो, ‘म्हणजे पाणी बरे आहे तर.’ दुसरा म्हणतो, ‘म्हणजे पाणी दुय्यम प्रतीचे आहे.’ दोघेही इयत्तेलाच गुण समजत आहेत. अ-२ याचा अर्थ एवढाच की, या पट्ट्यातले पाणी नेहमीची शुद्धीकरणाची प्रक्रिया करून माणसांना पिण्यासाठी देता येईल अशा स्थितीत राहिले पाहिजे, असे समाजाने ठरवले आहे. ते तसे आहे की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

पाण्याला अशा इयत्ता देण्याची कल्पना आली कोठून, ती कोणत्या अनुभवांतून घडली, आणि सातारा-सांगलीच्या माणसाला तिचा उपयोग काय, हे या लेखात पाहू या.

घाटावरची वर्गवारी

पाण्याची उपयोगानुसार वाटणी प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. नदीकाठच्या जुन्या गावांत प्यायचे पाणी वरच्या अंगाला भरतात. त्याच्या खाली आंघोळ, त्याखाली धुणे आणि सर्वांत खाली गुरे. पाणी वरून खाली वाहते, तेव्हा खालच्याची घाण वरच्याला लागत नाही. हा साधा नियम म्हणजे उपयोगानुसार केलेली वर्गवारीच होय. उन्हाळ्यात धार आटली की पात्रातल्या वाळूत झिरा खणून पाणी घेत. वाळूतून झिरपताना ते गाळले जाई. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रातील वाळूचा गाळा याच तत्त्वावर चालतो.

गावागावापुरता हा नियम चांगला होता. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. वाईचे खालचे टोक हे माहुलीचे वरचे टोक असते, माहुलीचे खालचे टोक कराडचे वरचे आणि कराडचे सांगलीचे. गावे लहान होती आणि मधले अंतर मोठे होते, तोवर नदी मधल्या वाटेत स्वतःला सावरून घेत असे. शहरे वाढली तशी ही सवलत संपत गेली.

याच पाणवठ्यांवर आणखी एक वर्गवारी होती, आणि तिचा पाण्याच्या गुणांशी काहीही संबंध नव्हता. पाण्यात काय आहे यापेक्षा पाण्याला कोणाचा हात लागला यावरून ते ‘शुद्ध’ की ‘अशुद्ध’ ठरत असे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यातल्या त्या शालेय वर्षांबद्दल त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, शाळेतल्या नळाला त्यांना स्वतः हात लावता येत नसे. शिपाई हजर नसला तर तहानलेलेच राहावे लागे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले. त्यानंतर काही लोकांनी ते तळे शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ‘शुद्ध’ केले. रसायनशास्त्राच्या आणि जंतुशास्त्राच्या दृष्टीने पाहता, त्या दिवशी तळ्यातली सेंद्रिय घाण वाढली ती या शुद्धीमुळे. तळ्याचा खटला चालत राहिला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दलितांच्या बाजूने निकाल दिला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण आहे. पाण्याची प्रत कोणाच्या जन्मावरून ठरू नये, ती पाण्यात असलेल्या पदार्थांवरून आणि जीवांवरून ठरावी, ही आज सोपी वाटणारी गोष्ट मिळवावी लागली आहे. मोजमापामुळे सर्व पाणी आणि सर्व माणसे एकाच कसोटीखाली येतात. आता ही कसोटी कशी घडली ते पाहू.

एल्बे नदीचा धडा

जर्मनीत एल्बे नदीच्या काठी हँबुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना चिकटून होती. हँबुर्ग वरच्या अंगाला, आल्टोना खालच्या. दोन्ही शहरे एल्बेचेच पाणी पीत. आल्टोनाला मिळणारे पाणी जास्त घाण होते, कारण त्यात हँबुर्गचे सांडपाणी मिसळलेले असे. पण आल्टोना ते पाणी वाळूच्या गाळ्यांतून सावकाश गाळून घेई आणि हँबुर्ग न गाळता वापरी. १८९२ मध्ये पटकीची साथ आली. हँबुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे मेली. आल्टोनात मात्र रोगी तुलनेने फारच थोडे होते. एकाच रस्त्याच्या एका बाजूला साथ आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काही नाही, असे चित्र दिसले.

यातून कळले ते असे. ‘पिण्याचे पाणी’ ही एकच इयत्ता असून भागत नाही. न गाळता, केवळ जंतुनाशक घालून पिण्याजोगे पाणी ही एक इयत्ता; आणि पूर्ण प्रक्रिया करूनच पिण्याजोगे पाणी ही दुसरी. आपल्याकडच्या अ-१ आणि अ-२ यांतला फरक नेमका हाच आहे.

प्राणवायूची मोजदाद

पटकीचे जंतू ही एक बाजू झाली. दुसरी बाजू प्राणवायूची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. तापमान वाढले की त्याहूनही कमी. मासे आणि इतर जलचर या तुटपुंज्या साठ्यावर जगतात. पाण्यात सांडपाणी मिसळले की त्यातले सेंद्रिय पदार्थ खाणारे जिवाणू वाढतात आणि हाच प्राणवायू वापरू लागतात. साठा संपला की मासे गुदमरतात आणि पाण्याला कुजका वास येतो.

१८८८ मध्ये बुडापेस्टच्या लाजोस विंकलर यांनी हा विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रीत दिली. मँगनीजचे मीठ आणि अल्कयुक्त आयोडाइड घातले की प्राणवायूच्या प्रमाणात तपकिरी साका बसतो. आम्ल घालून तो विरघळवायचा आणि मोकळे झालेले आयोडीन थायोसल्फेटने, पिष्ठाचा सूचक वापरून, अनुमापायचे. उच्च माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ही रीत आजही करून दाखवता येते.

याच काळात ब्रिटनमधील नद्या गटारांसारख्या झाल्या होत्या. १८९८ मध्ये तेथे सांडपाण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला. त्याने १९१२ च्या आठव्या अहवालात नद्यांचे वर्ग पाडले. त्यासाठी कसोटी घेतली ती ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ची, म्हणजे ज्याला आपण सगळे बीओडी म्हणतो त्याची. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून ६५ अंश फॅरनहाइटला पाच दिवस ठेवायचा आणि तेवढ्या काळात जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते पाहायचे. बीओडी १ असलेली नदी अतिस्वच्छ, २ असलेली स्वच्छ, ३ असलेली बऱ्यापैकी स्वच्छ, ५ असलेली शंकास्पद आणि १० असलेली वाईट, अशी ती यादी होती.

पाचच दिवस का? ब्रिटनमधल्या नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते म्हणून, असे सांगितले जाते. कृष्णा तर सुमारे १,४०० किलोमीटर वाहते आणि वाटेत असंख्य बंधारे आणि धरणे तिला अडवतात. आपल्या उष्ण हवेत जिवाणूही अधिक वेगाने काम करतात. म्हणून भारतात आता २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अशी चाचणी करतात.

याच आयोगाने सांडपाण्यासाठीही मर्यादा घातली: बीओडी २० पेक्षा जास्त नको. पण तिला अट होती. सांडपाण्याच्या निदान आठपट नदीचे पाणी उपलब्ध असले पाहिजे. यामागचे गणित विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. नदीचे आठ भाग पाणी, बीओडी २. सांडपाण्याचा एक भाग, बीओडी २०. मिश्रणाचा बीओडी (८ × २ + २०) ÷ ९ = ४. आयोगाच्या मते चारच्या वर गेले की नदीचा उपद्रव सुरू होतो. म्हणून वीस. याचा अर्थ, सांडपाण्याची मर्यादा ही मुळात नदीच्या मर्यादेवरून काढलेली होती. हा मुद्दा आपण लक्षात ठेवू, कारण पुढे कृष्णेकडे आलो की त्याची गरज पडेल.

दिल्लीची कावीळ आणि भारतातला कायदा

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे घाण पाणी उलटे वर येऊन वझिराबादच्या उपसा केंद्रात शिरले. पाणी शुद्धीकरण केंद्रातून जात होते, त्यात क्लोरीनही घातले जात होते. तरीही सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. या साथीचा विषाणू पुढे बऱ्याच वर्षांनी ओळखला गेला. त्याला आज आपण हेपॅटायटिस ई म्हणतो. शुद्धीकरण केंद्र असले म्हणजे नदीत काहीही आले तरी चालते, या समजुतीला या घटनेने मोठा तडा दिला. केंद्राची क्षमता गृहीत धरूनच नदीच्या पाण्यालाही काही मर्यादा हवी, हे स्पष्ट झाले. २०१२ मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा हा धडा आपल्या दाराशी पुन्हा उभा राहिला.

१९५८ मध्ये नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तीच १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते. कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्राने केंद्राच्या आधी पाऊल टाकले. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा, आणि त्यानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. या केंद्रीय कायद्यात राज्य मंडळांची जी कामे सांगितली आहेत, त्यांत राज्यातील जलाशयांचे आणि नद्यांचे वर्गीकरण हे एक स्पष्टपणे नोंदलेले आहे.

वर्गीकरण कशाच्या आधारे करायचे? केंद्रीय मंडळाने १९७८-७९ च्या सुमारास यासाठी ‘निर्धारित सर्वोत्तम उपयोग’ ही कल्पना पुढे आणली. एकाच पट्ट्यातले पाणी लोक पिण्यासाठी, पोहण्यासाठी, शेतीसाठी, कारखान्यासाठी वापरतात. यांपैकी ज्या उपयोगाला सर्वांत चांगले पाणी लागते, तो त्या पट्ट्याचा सर्वोत्तम उपयोग. त्या उपयोगासाठी लागणारा दर्जा ही त्या पट्ट्याची इयत्ता. देशपातळीवर पाच वर्ग ठरले:

वर्ग अ: केवळ जंतुनाशन करून पिण्यासाठी. प्राणवायू लिटरला निदान ६ मिलिग्रॅम, बीओडी २ पर्यंत, कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५० पर्यंत.

वर्ग ब: उघड्यावर आंघोळीसाठी. प्राणवायू निदान ५, बीओडी ३ पर्यंत, कोलिफॉर्म ५०० पर्यंत.

वर्ग क: नेहमीची प्रक्रिया आणि जंतुनाशन करून पिण्यासाठी. प्राणवायू निदान ४, बीओडी ३ पर्यंत, कोलिफॉर्म ५,००० पर्यंत.

वर्ग ड: मासे आणि वन्यजीवांसाठी. प्राणवायू निदान ४, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत.

वर्ग इ: शेती आणि कारखान्यातील शीतकरणासाठी. येथे प्राणवायूचा प्रश्न नाही. विद्युतवाहकता, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन यांवर मर्यादा आहेत.

या यादीत एक गंमत आहे, ती वर्गात विचारून पाहा. आंघोळीच्या पाण्याची कोलिफॉर्मची अट पिण्याच्या ‘क’ वर्गापेक्षा कडक का? कारण ‘क’ वर्गाचे पाणी माणसापर्यंत पोहोचण्याआधी शुद्धीकरण केंद्रातून जाते. आंघोळ करणारा मात्र नदीतच उतरतो. त्याच्या आणि नदीच्या मध्ये काहीही नसते.

महाराष्ट्राने आपले चार वर्ग केले. अ-१ म्हणजे न गाळता, जंतुनाशन करून पिण्यासाठी. अ-२ म्हणजे तुरटी, निवळण आणि जंतुनाशन अशी प्रक्रिया करून पिण्यासाठी. अ-३ म्हणजे पिण्यासाठी नाही, पण मासे आणि वन्यजीवांसाठी. अ-४ म्हणजे शेती आणि कारखान्यांसाठी. डोंगरातील उगमाकडचे पट्टे सामान्यतः अ-१ मध्ये आणि त्याखालचे बहुतेक पट्टे अ-२ मध्ये आले.

महाबळेश्वर ते सांगली

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या राजांच्या काळात, १८४२ मध्ये बांधला गेला. आज त्यात नौकाविहार चालतो आणि त्याच तलावाचे पाणी महाबळेश्वर-पाचगणीला पिण्यासाठी जाते. सर्वोत्तम उपयोगाचा नियम येथे सोपा आहे: पर्यटकाच्या नावेसाठी पाणी कसेही चालेल, पण पिणाऱ्यासाठी चालणार नाही, म्हणून तलावाची इयत्ता पिणाऱ्यावरून ठरते. साताऱ्याला पाणी देणाऱ्या कासच्या तलावाचेही तेच. त्याच्या पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला आणि पर्यटक वाढले, तरी तलावाचे पहिले काम शहराची तहान भागवणे हेच राहिले.

नदीवर मात्र हिशेब अवघड होतो. धोम धरणाखाली वाई. मग क्षेत्र माहुलीला वेण्णा मिळते. कराडला प्रीतिसंगमावर कोयना समोरासमोर येऊन भेटते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा येते. या सगळ्या वाटेवर शहरे, उसाची शेती, साखर कारखाने आणि आसवन्या आहेत. वाईचा घाट, माहुली, कराडचा कृष्णा पूल, सांगलीचा माईघाट अशा ठिकाणी प्रदूषण मंडळ नियमितपणे नमुने घेते. प्रत्येक ठिकाणी माणसे नदीत उतरतात, नदीतून पितात आणि नदीत सोडतातही.

येथे मघाचे आठपटीचे गणित आठवा. आपल्याकडे प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीत सोडण्यासाठी बीओडी ३० ही सर्वसाधारण मर्यादा रूढ झाली. आठपट पाणी असेल तर मिश्रणाचा बीओडी (१६ + ३०) ÷ ९ म्हणजे ५ च्या थोडा वर जातो. पण एप्रिल-मे महिन्यांत बंधाऱ्यामागे अडलेल्या कृष्णेत आठपट वाहते पाणी असेलच असे नाही. समजा, नदीचे आणि सांडपाण्याचे पाणी सारखेच आहे. मग बीओडी (२ + ३०) ÷ २ = १६. प्रत्येक कारखाना आणि प्रत्येक नगरपालिका नियम पाळत आहे, आणि तरीही नदी आपल्या इयत्तेत नापास! कृष्णेचे वाहते पाणी उन्हाळ्यात मुख्यतः कोयनेतून किती सोडले जाते यावर अवलंबून असते. पण कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी मोठ्या प्रमाणावर पश्चिमेकडे वळते. बच्छावत लवादाने त्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. याच लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट असे काटेकोर वाटप केले. पाणी किती, यावर इतका बारीक हिशेब झाला. कोणत्या दर्जाचे पाणी खालच्या राज्याला द्यायचे, याचा आकडा त्या वाटपात नाही.

प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याची गोष्ट आणखी वेगळी. घरगुती मैलापाण्याचा बीओडी २०० ते ३०० असतो. आसवनीतून निघणाऱ्या कच्च्या सांडपाण्याचा, म्हणजे स्पेंटवॉशचा, ४० हजारांच्या घरात जातो. असे एक लिटर पाणी बीओडी २ असलेल्या नदीत पडले, तर मिश्रण ३ वर ठेवायला सुमारे ४० हजार लिटर नदीचे पाणी लागते. एका टँकरची चोरटी रिकामी खेप म्हणजे काय, याचा अंदाज यावरून यावा.

सांगलीचा शेरीनाला हे या प्रश्नाचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. शहराचे सांडपाणी या नाल्यातून कृष्णेत येत राहिले. ते अडवून, उपसून, धुळगावकडे शेतीसाठी नेण्याची योजना आखली गेली. वर्गीकरणाच्या भाषेत सांगायचे तर अ-२ च्या नदीत न बसणारे पाणी अ-४ च्या उपयोगाकडे वळवायचे. कल्पना शास्त्रीयदृष्ट्या नेटकी आहे. पण उपशाचे पंप बंद पडले की नाला पुन्हा नदीकडेच धावतो. इयत्ता कागदावर ठरते. ती टिकवायला रोज वीज, माणसे आणि पैसे लागतात.

इयत्तेचा उपयोग आणि दुरुपयोग

वर्गीकरण कागदावरच राहिले असे नाही. २००० मध्ये राज्याने नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले. नदीचा जो वर्ग, त्यानुसार काठापासून किती अंतरापर्यंत उद्योग येऊ द्यायचे ते त्यात ठरले. अ-१ च्या काठी सर्वांत कडक बंधने होती. २०१५ मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. नियम असल्याने उद्योग अडतात, आणि सांडपाण्याच्या मर्यादा तर आहेतच, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पण सांडपाण्याच्या मर्यादा एकट्या पुरेशा का नाहीत, ते वरच्या गणितात आपण पाहिलेच आहे.

दुसऱ्या बाजूने, नापास नद्यांची मोजणीही होऊ लागली. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. कृष्णाही त्या यादीत होती. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा ५५ वर गेला. या याद्यांचा पाया बीओडी ३ हा आहे. त्याच्या वर गेलेला पट्टा प्रदूषित आणि ३० च्या वर गेलेला सर्वांत निकडीचा.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आकडा नमुना घेतल्या क्षणाचा असतो. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू सोडतात, रात्री मात्र त्याही तो वापरतात. त्यामुळे प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. सकाळी अकराला घेतलेला नमुना उत्तीर्ण होईल आणि पहाटे मासे मेलेले असतील, असे घडू शकते. मार्च २०२३ मध्ये सांगली परिसरात कृष्णेत मासे फार मोठ्या संख्येने मेले. वार्षिक सरासरीत अशी एक रात्र दिसत नाही. माशांना मात्र ती एकच रात्र पुरते.

दुसरी गोष्ट, नेहमीच्या छोट्या यादीत मोजके गुणधर्म येतात. उसाच्या रानातून निचरून येणारे नायट्रेट, कीटकनाशकांचे अंश, जड धातू यांसाठी वेगळ्या चाचण्या लागतात. बीओडीने उत्तीर्ण झालेले पाणी सर्व विषयांत उत्तीर्ण झाले असे नसते.

युरोपने २००० मध्ये वेगळा रस्ता धरला. तेथील जलधोरणात नदीचे ‘उत्तम’, ‘चांगली’ ते ‘वाईट’ असे पाच वर्ग आहेत, आणि ते माणसाच्या उपयोगापेक्षा नदीतल्या जीवसृष्टीवरून ठरतात: मासे, किडे, वनस्पती मूळ स्थितीच्या किती जवळ आहेत? यातली मूळ कल्पनाही जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली होती. त्यांनी जलचरांच्या जातींवरून नदीचे प्रदूषण ओळखायची रीत दिली. ही पद्धत नदीला स्वतःची म्हणून एक प्रकृती आहे असे मानते. आपली पद्धत विचारते, ‘ही नदी आपल्या कोणत्या कामाची?’ जिथे लाखो लोक थेट नदीचे पाणी पितात तिथे हा प्रश्न आधी विचारणे योग्यच आहे. पण उत्तर ‘आता फक्त शेतीच्या कामाची’ असे आले म्हणून नदीची इयत्ताच खाली आणली, तर सगळे प्रश्न सुटल्यासारखे दिसतात आणि एकही सुटत नाही. नापास होणाऱ्या मुलाला खालच्या वर्गात बसवून निकाल शंभर टक्के लावता येतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

शाळेने काय करावे

सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलाची पाणीपातळी प्रत्येकाला तोंडपाठ असते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे लोक रोज विचारतात, म्हणून प्रशासनालाही ते रोज द्यावे लागतात. प्राणवायूचा आकडा कोणी विचारत नाही. तो प्रदूषण मंडळाकडे असतो आणि अहवालांतून प्रसिद्धही होतो.

नदीकाठच्या शाळांनी तो विचारावा असे आम्हांला वाटते. जवळच्या केंद्राचे प्राणवायू, बीओडी आणि कोलिफॉर्मचे आकडे मिळवून शाळेच्या फलकावर महिन्याच्या महिन्याला लिहावेत आणि शेजारी अ-२ ची मर्यादा लिहावी. बारा महिन्यांचा आलेख काढला की पाऊस, ऊसगाळपाचा हंगाम आणि उन्हाळा यांच्या खुणा मुलांना आपोआप दिसू लागतील. प्रयोगशाळा असेल तर विंकलरच्या रीतीने एकाच दिवसाचे पहाटेचे आणि दुपारचे मोजमाप करून पाहावे. मैल्याने दूषित झालेले पाणी ओळखण्यासाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक स्वस्त बाटली-चाचणी प्रसिद्ध केली आहे: बाटलीतील पट्टी असलेल्या द्रावणात पाणी घालून एक-दोन दिवस ठेवायचे, पाणी दूषित असेल तर ते काळे पडते. काळी पडलेली बाटली मात्र मुलांनी उघडू नये. शिक्षकांनी तीत ब्लीचिंग पावडर घालून मगच ती रिकामी करावी.

आपल्या गावाच्या वरच्या अंगाला कोणते गाव आहे आणि खालच्या अंगाला कोणते, हेही त्या फलकावर लिहावे. घाटावरचा जुना नियम एका गावापुरता होता. वर्गीकरणाने तोच नियम सगळ्या नदीला लावला आहे: आपण खाली जे सोडतो ते कोणाचे तरी पिण्याचे पाणी आहे. कृष्णेची इयत्ता ठरलेली आहे, आणि तिचे गुण दर महिन्याला तपासले जातात. ते वाचून दाखवणारे कोणी तरी हवे आहे, आणि ते काम शाळेइतके चांगले दुसरे कोण करील?